बोक्याची पाठ

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने बोक्याच्या पाठीवरची माशाची कातडी उचलली, तेव्हा न्हाव्याने डोळे मिटून घेतले. उघडले तर खाली गुलाबी, कोवळं कातडं आलेलं. मध्येच चार केससुद्धा.

"वाचला तुमचा बोका," त्या म्हणाल्या.

बोका म्हणजे कुत्रा. मासळीवर एवढा जीव, की दुसरं नाव शोभलंच नसतं. कुणीतरी त्याच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं, तेव्हापासून न्हावी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसायचा. घरात त्याला दुसरं होतं तरी कोण?

मलमांनी हात टेकले. मग बाईंनी नवा उपाय काढला. माशाची कातडी निर्जंतुक करून जखमेवर बसवायची. तिच्या आधाराने नवं कातडं धरतं.

मासे दिले कोपऱ्यावरच्या मासेवाल्या मावशींनी. स्वतः निवडून, दवाखान्याच्या दारापर्यंत आणून. आत मात्र कधी आल्या नाहीत. "माझ्या अंगाला वास. जनावरं खुळावतील," म्हणायच्या.

न्हावी त्यांच्यापाशीच मन मोकळं करायचा. "उकळतं पाणी चहावाल्याशिवाय कुणाकडे असणार? वर 'मी नाही' म्हणून शपथा घेतो. या जन्मात त्याची दाढी करणार नाही मी."

"आधी बोका बरा होऊ दे," मावशी खाली बघत म्हणायच्या.

आज पट्टी सुटली, तसा तो बोक्याला घेऊन थेट बाजारात निघाला. वाटेत चहावाल्याने हाक मारली, "बरा झाला का रे?" न्हाव्याने मान फिरवली. बोका मात्र शेपूट हलवत त्याच्याकडे ओढ घेऊ लागला. "बेइमान कुठला," म्हणत न्हाव्याने पट्टा खेचला.

मावशी फळीवर वाफाळतं पाणी ओतून खवले धूत होत्या. त्यांना पाहून न्हाव्याने हात जोडले.

"मावशी, तुमच्यामुळे जगला हा. तुमचे उपकार कसे फेडू?"

मावशींचे डोळे भरले. पातेलं बाजूला ठेवून त्यांनी टोपलीतला सर्वांत मोठा मासा उचलला. "ये रे, बोक्या."

बोका जागच्या जागी थिजला. शेपूट पोटाशी घेऊन तो न्हाव्याच्या पायांमागे दडला आणि थरथरू लागला.

"अरे वेड्या, मासा बघ की," न्हावी हसत म्हणाला.

"तो मासा नाही बघत, बाबा," मावशी म्हणाल्या. "मला बघतोय."