कळकळीचं पत्र

"यंदा पत्र पाठवलंत तर याद राखा," सुजित म्हणाला आणि त्याने गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

तरुण संघाची शनिवारची सभा नुकतीच संपली होती. चटईवर बसलेली सातही मुलं-मुली एकमेकांकडे बघायला लागली.

"कसलं पत्र, दादा?" शिवानीने विचारलं.

"साळसूदपणा पुरे."

रेवसजवळच्या या छोट्या ख्रिस्ती मंडळीत सुजित तरुणांचा सेवक म्हणून आला तो एका वर्षाच्या बोलीवर. त्याची बायको नूतन पुण्याच्या शाळेत शिक्षिका होती आणि लग्नाला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. आता चौथं वर्ष संपत आलं होतं. दर एप्रिलला तो पुण्याच्या बदलीसाठी अर्ज करायचा आणि दर मे महिन्यात मुंबईच्या कार्यालयातून सचिव कमलेशसरांचा फोन यायचा.

"तुला तिथंच ठेवा म्हणून फार कळकळीचं पत्र आलंय, बाबा. अजून एक वर्ष काढ."

शत्रूने अडवलं असतं तर भांडता आलं असतं. मायेने अडवणाऱ्यांशी कसं भांडणार? तो निमूटपणे कामाला लागायचा. कोणाच्या नोकरीसाठी उरणच्या गोदामात ओळख काढायची, कोणाचा फोन आईने काढून घेतला की मध्ये पडायचं, बारावीला गचकलेल्याला जेट्टीवर बसून समजवायचं. आणि सगळीकडे चेहरा हसरा हवा. तरुणांच्या सेवकाने उदास दिसायची सोय नसते. रात्रीचं जेवण मात्र एकट्याचं, आणि खोली खायला उठायची.

नूतनने कधी कुरकुर केली नाही. बदली नाकारल्याचं कळलं की म्हणायची, "मुलांना तुझी गरज आहे, सुजित. माझं काय, मी सांभाळून घेईन." मे महिन्यात दहा दिवस येते म्हणायची, पण शाळेच्या कामामुळे चारच मिळायचे. तिच्या मोठेपणापुढे सुजितला स्वतःची लाज वाटायची.

"माझी बायको तिकडे एकटी झुरतेय," तो आता मुलांना म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदाच मुलांनी त्याचे डोळे भरलेले पाहिले.

शिवानी उठून त्याच्याजवळ आली. "आमाला ठावच न्हवतं, दादा. तुमी कधी बोललात न्हाय."

"कुणाला बोलणार?"

"तुमी जावा ताईंकडं. आमीच लिवतो कार्यालयाला, दादांना सोडा म्हणून."

तिने तिथंच वहीचं पान फाडून पत्र लिहिलं. पहिल्या वर्षी सभेत सुजितकडे पाठ करून बसणाऱ्या कुलदीपने सगळ्यांत आधी सही केली आणि तो नाक पुसत बाहेर गेला. सुजितला वाटलं, आपण या पोरांवर उगाच डूख धरला. त्याला मनापासून वाईट वाटलं.

सोमवारी पहिल्या लाँचने तो भाऊच्या धक्क्याला उतरला. नूतनला त्याने काही कळवलं नव्हतं. बदलीची ऑर्डर हातात घेऊन थेट दारात उभं राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं.

कमलेशसरांनी मुलांचं पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"चांगली पोरं आहेत. पण यांचं पत्र आज पहिल्यांदाच आलंय, सुजित."

"दरवर्षी यायचं ना, सर? मला तिथंच ठेवा म्हणून?"

"ते मंडळीतून नव्हतं येत. लिहिणाऱ्याने नाव सांगू नका म्हटलं होतं." सरांनी कपाटातली फाइल काढून त्याच्यापुढे सरकवली.

आत चार पत्रं होती. वरचं याच आठवड्यात पुण्याहून आलेलं, नूतनच्या अक्षरात: 'माझ्या नवऱ्याला यंदाही तिथंच राहू द्या.'