वंदनाचे पन्नास

"काजल, निस्ते तुह्येच शॉट नको, वंदनालेही मारू दे," बास्केटबॉलचे सर बजावायचे. मी हसून सोडून द्यायचे.

नांदुऱ्याच्या मैदानावर आम्हा दोघींत एकच बॉल होता. आधी पन्नास फ्री थ्रो माझे, मग पन्नास वंदनाचे, असं ठरलेलं. ती रिंगखाली उभी राहून मला बॉल परत द्यायची. माझे पन्नास होईस्तोवर माझी घरी जायची जळगाव जामोदची एसटी लागायची. "पय वं, गाडी सुटन! माह्यं उद्या पाहू," म्हणत तीच माझी बॅग माझ्या खांद्यावर अडकवायची. दोन वर्षांनी विद्यापीठाच्या संघात मी निवडले गेले. तिचा नेम कसा होता, हे मला कधी कळलंच नाही.

काल माझ्या लेकीचा सराव बघत बसले होते. शॉट सगळे हिचे, बॉलमागे धावत होती हिची मैत्रीण.

"मग ती कधी मारते गं?"

"तिले बॉल आणून द्यायलेच आवडते, मम्मी."

घरी येऊन वंदनाचा जुना नंबर लावला. तो आता भलत्याच कुणाचा आहे.

तुमच्याही रिंगखाली कुणी उभी असेल. तिचा नंबर लागत असेल, तर आजच विचारा, कशी आहे ती.