एकसष्ट डबे

"आज किती, अक्का?"

"एकसष्ट," ठकुबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली.

रोशनचा चेहरा खुलला. महिन्यापूर्वी जेमतेम पंधरा डबे जायचे. सगळे एकाच कंपनीच्या माणसांना, आणि त्याच कंपनीत त्याची बायको पवित्रा नोकरीला होती.

बाजार कोसळल्यापासून आयटीचे शेअर सावरतायत की पुन्हा अडकलेत, यावर टीव्हीवरचे तज्ज्ञ रोज भांडायचे. रोशनला त्यांची कीव यायची. या शहाण्यांनी एकदा आयटी कंपन्यांच्या महादेवपुऱ्यात येऊन ठकुबाईच्या ओट्यापाशी उभं राहावं! डबे वाढले म्हणजे माणसं वाढली, माणसं वाढली म्हणजे कामं आली. विमा विकायच्या फेऱ्या मारताना सापडलेलं हे गुपित त्याने पवित्रालाही सांगितलं नव्हतं. घरासाठी साठवलेलं सगळं मात्र त्या कंपनीच्या शेअरमध्ये घातलं होतं.

भाव अजून जागचा हलत नव्हता.

"ते शेअर विकून टाक ना. मिळतील तेवढ्याला," आज सकाळीच पवित्रा म्हणाली होती.

"ऑफिसात काही कुजबुज आहे का?"

"छे. तसं काही नाही." उप्पिटातला कांदा ती वेचून बाजूला ठेवत होती. कांदा तिला वासालाही चालत नसे. "तरी विक. माझं ऐक एकदा."

"तू तुझं कोडिंग बघ. यातलं मला कळतं."

तिने बॅग खांद्याला लावली. नेहमीसारखी साडेआठला निघाली.

"आयकार्ड राहिलं गं!"

"बॅगेत आहे," ती मागे न बघता म्हणाली.

"अण्णा, स्वल्प मदत कर," ओट्यापाशी डबे भरणारी ठकुबाई म्हणाली. "माझा गुडघा धरलाय. डबे नेणाऱ्या परसूच्या रिक्षात बसून तेवढे डबे वाटून ये."

"सरी, अक्का, जातो. ऑफिसच्या गेटवर ना?"

"गेटवर नको. मागं तळ्याकाठी बाग आहे, तिथं. कुणाला सांगू नका म्हणतात."

रोशनला ते जरा विचित्र वाटलं. पण नवी भरती डोळ्यांनी बघायला मिळणार, म्हणून तो खुशीत निघाला.

बागेत झाडाखाली, बाकांवर माणसं बसली होती. इस्त्रीचे कपडे, खांद्याला लॅपटॉपच्या बॅगा. एकाचाही लॅपटॉप उघडा नव्हता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"नवीन लागलात का?" डबा देताना त्याने एका पिकल्या केसांच्या माणसाला विचारलं.

"नवीन? अकरा वर्षं काढली तिथं." माणूस कसनुसं हसला. "नोकरी होती तोवर कॅन्टीनमध्ये जेवायचो. आता डबा. घरी अजून सांगितलेलं नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत इथंच."

शेअर विकायला रोशनने घाईघाईने खिशातून फोन काढला.

"अहो, एक डबा राहिला," माणूस म्हणाला. "तळ्याकडे तोंड करून बसल्यात, त्या बाईंचा."

रोशनने डबा उचलला. झाकणावर ठकुबाईने चिठ्ठी चिकटवली होती.

पवित्रा. कांदा नको.