निळी रेघ

पेंटरच्या पिशवीत ब्रश शोधताना त्याच्या बायकोच्या हाताला चिकटपट्टीचं रीळ लागलं.

या माणसानं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. रेघ सरळ यावी म्हणून कडेला पट्टी चिकटवणाऱ्यांना तो पेंटर म्हणायलाच तयार नसायचा. ते लोक पट्ट्या सोलतात, रंगवत नाहीत, असं म्हणून नाक मुरडायचा. आणि आता त्याच्याच पिशवीच्या तळाशी हे रीळ, वरचा कागद काढलेलं, टोक दुमडून ठेवलेलं. म्हणजे त्यानं पट्टी घरी कधीतरी चोरून लावूनही पाहिली होती. तिनं ते मुकाट्यानं होतं तसं खाली सरकवलं आणि ब्रश बाहेर काढला.

धक्क्यावर छोट्या केबिनवाल्या दहा-बारा बोटी ठोकळ्यांवर चढवलेल्या होत्या. दोन माणसं कशीबशी झोपतील एवढ्या त्या केबिनी, पण मालकांचा थाट विचारू नका. बोटी पाण्यात सोडायला चार दिवस उरले होते आणि जो तो आपली बोट नटवण्यात गर्क होता. कुणी घडीचं टेबल बसवत होतं, कुणी बाकाखाली कप्पे करत होतं. रिटायर झालेल्या मास्तरांनी तर टीचभर खिडकीला झालरीचे पडदे लावले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून ते दाखवायचे. पण सगळं झालं की शेवटी बोटीच्या दोन्ही बाजूंना पुढून मागेपर्यंत एक निळी रेघ ओढायची, आणि ती पेंटरनंच ओढायची, असा इथला शिरस्ता होता. आधी त्याची स्वतःची बोट, मग बाकीच्यांच्या. वीस फूट लांब रेघ, एका दमात, नुसत्या हातानं. लोक चहाचे कप घेऊन बघायला उभे राहत.

यंदा पंधरा दिवस तो वेळ मारून नेत होता. आज रंग पातळ, उद्या वारा फार. कारण बायकोला ठाऊक होतं. तो बशीत कप ठेवताना होणारी किणकिण ती सहा महिने ऐकत होती, आणि दोघंही तिकडे कानाडोळा करत होते. पण गेल्या साली इथंच, सगळ्यांच्या देखत, तो ऐटीत बोलून बसला होता की ज्या दिवशी माझी रेघ हलेल त्या दिवशी मी बोट विकीन. दिलेला शब्द फिरवणारा माणूस नव्हता तो. बोट गेली तर हा खुर्चीत बसून वाळत जाईल, या विचारानं तिला धडकी भरायची.

आज तो दोन तास आधी का निघाला, हेही तिला आता कळलं. कुणी यायच्या आत पट्टी लावून मोकळं व्हायचा बेत होता. पण मास्तर त्याच्याही आधी येऊन बसले होते, आणि त्यांना पाहून बाकीचेही जमले.

पेंटरनं ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि आपल्या बोटीच्या पुढच्या टोकाशी उभा राहिला. ब्रशचं टोक लाकडापासून जरा अलीकडे थरथरत होतं.

"थांबा," बायको पुढे होत म्हणाली. "यंदा रेघ मी ओढणार. इतकी वर्षं यांचे ब्रश धुतले, एकदा हातात तरी धरू द्या."

लोक हसले. पेंटरनं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं, ब्रश तिनंच त्यातून काढून दिला होता हे आठवलं, आणि त्याचा राग ओसरला. त्यानं ब्रश तिच्या हातात दिला.

पहिली वीतभर रेघ झकास उतरली. मग तिचा कोपर अवघडला आणि रेघ खाली घसरू लागली. ते काही पेंटरला बघवेना. त्यानं मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"मनगट सैल सोड," तो म्हणाला. "खांद्यातून ओढ."

त्याचा हात तिच्या हातावर थरथरत होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. त्यानं तो काढला नाही. एकमेकांच्या पायावर पाय देत, आडवी आडवी पावलं टाकत, दोघं बोटीच्या मागच्या टोकापर्यंत गेली.

रेघ सुरुवातीला जेमतेम सरळ होती. पुढे वर-खाली होत गेली होती. एकानं टर्पेंटाइनचा बोळा पुढे केला, रंग ओला होता तोवर पुसता आला असता. बायको मान खाली घालून उभी राहिली. नवऱ्याची लाज राखायला गेले आणि चारचौघांत त्यालाच उघडं पाडलं, असं वाटून तिला रडू येत होतं.

मास्तरांनी कप खाली ठेवला, चष्मा चढवला आणि पेपर तपासावा तशी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून पाहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "ब्रश धुऊ नका. माझी बोट बाकी आहे."

त्यांच्यामागे आणखी एकानं नंबर लावला.

पेंटर काही वेळ एक डोळा मिटून रेघेकडे पाहत राहिला. मग त्यानं तो बोळा बाजूला सारला, रंगाचा डबा उचलला आणि मास्तरांच्या बोटीकडे चालू लागला.

"तिला एकटीला नाही जमायचं," तो मास्तरांना म्हणाला. "मला धरावं लागेल."