मागच्या सालचा गोलकीपर

चौथा सामना जिंकायला दहाएक मिनिटं उरली होती आणि बकारामचा आवाज पार बसला होता. तरी तो ओरडतच होता. कुडव्याहून तो पायी आला होता. धोतराला वाटेचा फुफाटा तसाच होता आणि चुन्याच्या रेघेला पाय टेकवून तो उभा होता. पंचानं त्याला दोनदा मागं सरकवलं. दोनदा तो पुन्हा पुढं आला.

आझाद क्लब दोन गोलांनी पुढं होता. तुमसरला तीन, बालाघाटला दोन, राजनांदगावला चार, आणि आज भंडाऱ्याला दोन. इतके मारले आणि एकही खाल्ला नाही, असं गोंदियात कोणी पाहिलं नव्हतं. बकारामला सगळे गोल तोंडपाठ होते. कोणता कोणी मारला, कोणत्या बाजूनं मारला, विचारा आणि घ्या. महिन्याभरापूर्वी त्याला हॉकीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"या साली कप आपलाच, काका," शेजारचा छोटेलाल म्हणाला. बाजारात त्याचा पानठेला होता. सामना असला की तो फळी लावून इकडे यायचा. "मी सहा सालापासून पाहून रायलो. ऐसी टीम कभी नहीं बनी."

"कोणाची हिंमत हाये आता!" बकारामनं मांडीवर थाप मारली.

"हे सगळं गोलकीपरचं काम. मागच्या साली गोलवर का नमुना होता जी! लंबा, काडीसारखा पोट्टा. बॉल आला का डोळेच मिटे! बालाघाटवाल्यायनं एका दिवशी सहा मारले. सहा!"

बकारामचा हात मांडीवरच राहिला.

तो लंबा पोट्टा त्याचा होता. घनश्याम. राईस मिलमध्ये कामाला होता आणि काम सुटलं की परस्पर मैदानावर जायचा. खेळून का पोट भरते, असं बकाराम त्याला दोन वर्षं सुनावत आला. पोराचा एकही सामना पाहायला तो गेला नाही. भादव्यात पोरानं मोतीझऱ्याच्या तापात एकवीस दिवस काढले. बाविसाव्या दिवशी गेला.

धान घरात आल्यावर बकाराम एकदा इथं आला तो नुसती जागा पाहायला. पोरगा कुठं उभा राहत होता, तेवढंच. पण त्या दिवशी आझादनं तुमसरवर गोल चढवला आणि त्याच्या तोंडून आरोळी निघून गेली. तेव्हापासून दर रविवारी तो येत होता. बायकोला, देवकाबाईला, बाजारात जाऊन येतो म्हणून सांगत होता. पोराला जाऊन चार महिने झाले नाहीत आणि बाप टाळ्या पिटतो, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"डोळे मिटे?" त्यानं विचारलं.

"मिटे म्हणजे? गच्च!" छोटेलालनं चेहरा आवळून, डोळे मिटून दाखवले.

बकाराम त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. "आणखी का करे?"

"का करे... गोल झाला का बाकीचे त्याच्यावर वरडत. अन् हा आपला जाळीतून बॉल काढे, सदऱ्याले पुसे, अन् ज्यानं गोल मारला त्याच्याच हातात नेऊन ठेवे. हसत!"

"हसत?"

"दात काढून. एकदा त पंचबी हसला."

घरी घनश्याम हसत नसे. बाप दारात दिसला की त्याची मान ताटावरून वर येत नसे. बकारामनं आठवून पाहिलं. पोराचे दात त्याला आठवेनात.

एकाएकी मैदानात कल्ला झाला. भंडाऱ्याच्या गड्यानं अगदी गोलाजवळून फटका हाणला होता आणि आझादच्या नव्या गोलकीपरनं आडवं पडून तो पायानं अडवला होता. लोकांनी टोप्या उडवल्या. छोटेलालनं बकारामचा खांदा गदागदा हलवला. "पाह्यलं का, काका? पाह्यलं का?"

बकारामनं पाहिलं नव्हतं.

"उभा कसा राहे तो?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"लंबा. मागच्या सालचा."

"अरे, इथं कप येऊन रायला, अन् तुम्ही त्याले कायले धरून बसले?" छोटेलाल वैतागला. पण म्हाताऱ्याचं तोंड पाहून त्यानं पाय फाकवले, गुडघे वाकवले, हातात काठी असल्यासारखी मूठ धरली आणि मान एका खांद्यावर कलती केली. "असा. बगळ्यावानी. या साली दिसला नाही. गेला असंल कुठं नोकरीवर. तुमच्या वळखीचा होता का जी?"

पंचानं शेवटची शिटी दिली. चारी बाजूंनी लोक मैदानात धावले. कोणी नव्या गोलकीपरला खांद्यावर घेतलं. आझाद क्लबच्या नावाचा नुसता गजर उठला. छोटेलालही निघाला होता, पण बकारामनं त्याचा दंड धरला.

"नाही जी," तो म्हणाला. "वळख नाही झाली."

मग बसलेल्या आवाजात, त्या गलक्यात ऐकू जाईल न जाईल असं म्हणाला, "जरासा तसाच उभा राय, बापा."