पाणी वाजलं नाही

"बाप पोहून पळाला आणि लेक पोहायला शिकवते," तलावाच्या कठड्याशी उभी असलेली एक आई दुसरीला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

कोचबाईने ऐकलं. तोंडात शिट्टी होती म्हणून बरं, नाहीतर तोंडातून काय बाहेर पडलं असतं देव जाणे. तिने शिट्टी अशी फुंकली की पोरं दचकून काठाला चिकटली.

"पाय आपटू नका. पाणी वाजलं की समजायचं, दम फुकट गेला. परत एकदा!"

सिनेमा लागून दुसरा आठवडा चालू होता. नदीकाठच्या एका चौकीवरची लढाई, ती जन्मली त्याच महिन्यातली. तिचे वडील त्या चौकीवर होते आणि परत आले नाहीत, एवढंच गावाला ठाऊक होतं. शाळेत गुरुजी तिला शूराची लेक म्हणून पहिल्या बाकावर बसवत. आता पडद्यावर, वडिलांचं खरं नाव घेऊन, एक देखणा नट बंदूक टाकून काळोख्या नदीत उतरत होता आणि मागे राहिलेले एकेक करून मरत होते. त्या जागी लोक शिव्या घालत. कुणी चप्पलही भिरकावी.

घरात वडिलांचा फोटो नव्हता. या गावी येताना एक पेटी हरवली, तिच्यात होते सगळे, असं आई सांगायची. बापाच्या ज्या चेहऱ्यासाठी ती जन्मभर झुरली तो मिळाला तर असा, चपला खाणारा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरेचना.

सिनेमा पाहून आली त्या दिवशीच तिने आईला विचारलं होतं, "बाबांना पोहता यायचं का?"

आईचा भाजी निवडणारा हात थांबला. कोपऱ्यात काकाचं शिवणयंत्र थांबलं.

"पाण्याला घाबरायचे," आई म्हणाली.

यंत्र पुन्हा सुरू झालं. बस्स, तिला तेवढंच हवं होतं.

काका म्हणजे या घराचा टेकू. वडील गेले त्याच वर्षी तो मूळ गाव सोडून इथे आला. लग्न केलं नाही. कपडे शिवून तिची फी भरली, नदीवर नेऊन तिला मासोळी केली. आईनेही सरकारने देऊ केलेल्या पैशाला कधी हात लावला नाही. तो आपला नाही, एवढंच म्हणायची. लोक त्या मानी बाईला हात जोडत. आता तेच लोक तिला पाहून रस्ता बदलत होते.

रविवारी दुपारच्या खेळानंतर दिग्दर्शक प्रेक्षकांना भेटणार होता. तिने काकाला बरोबर चल म्हणून गळ घातली. सख्खा भाऊ बोलला तर ऐकावंच लागेल त्यांना.

"बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार, पोरी?" काका म्हणाला. "मेलेल्याला काय फरक पडतो?"

"मेलेल्याला नसेल पडत, मला पडतो. भावाच्या नावावर जग थुंकतंय आणि तू काजं करत बसलायस. लाज वाटू दे जरा."

काकाने मान खाली घातली. सुईत दोरा ओवायला गेला, ओवेना. एकदा, दोनदा.

"भाऊजी, द्या इकडे," आई म्हणाली आणि तिने दोरा ओवून दिला.

ती एकटीच गेली.

थिएटर खच्चून भरलं होतं. दिग्दर्शक गोड बोलत होता, लोक टाळ्या पिटत होते. ती उभी राहिली आणि कुणाची मुलगी ते तिने सांगितलं. टाळ्या थांबल्या. हा सगळा प्रसंग कुठल्या पुराव्यावर रचला, असं तिने विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, याला इतिहास म्हणतात का?

पहिल्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे दिग्दर्शकाने पाहिलं. म्हातारा काठी टेकत उठला. त्या चौकीवरून जिवंत आलेला तो एकटाच होता.

"मी काठावर होतो," तो म्हणाला. "घरून निरोप आलेला, मुलगी झाली म्हणून. सकाळी आपण कुणी उरणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. माझ्यादेखत तो उतरला. पाणीसुद्धा वाजलं नाही. मला त्याचा राग नाही, बाई. मीही गेलो असतो. मला पोहता येत नव्हतं."

मागून कुणीतरी खिदळलं.

"माझ्या वडिलांनाही येत नव्हतं," ती म्हणाली. "पाण्याला घाबरायचे ते. माझी आई सांगेल. इथेच थांबा सगळे. तिला घेऊन येते, तिच्या तोंडावर बोला."

म्हातारा तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिला ती कीव वाटली आणि ती जास्तच भडकली.

घर दोन गल्ल्यांवर होतं. ती जवळजवळ पळतच निघाली. आईला कुठलं लुगडं नेसवायचं, पुढच्या रांगेत कुठे उभं करायचं, सगळं तिने वाटेतच ठरवलं. त्या म्हाताऱ्याला, दिग्दर्शकाला, कठड्यावरच्या त्या दोघींना, अख्ख्या गावाला माफी मागायला लावणार होती ती.

शिवणयंत्र बंद होतं. खिडकी अर्धी उघडी होती. दाराच्या कडीला हात घातला आणि आतून आईचा आवाज आला.

"अहो, आता रडून काय होणार? पोर तुमच्यासाठी जगाशी भांडायला गेलीय. आली की तिला जवळ बसवा आणि सांगा, त्या रात्री नदी पोहून तुम्ही कुणाचं तोंड बघायला आलात ते."