एक गट सोडून मागे

चेंडू दोन टप्पे पडला, डावीकडे वळला आणि होलमध्ये गडप झाला. एका फटक्यात. दंतवैद्याने काठी फेकली, दोन्ही हात वर केले आणि ओरडायला तोंड उघडलं. मग मागे वळून पाहिलं आणि तोंड मिटलं.

गोल्फच्या मैदानाच्या त्या कोपऱ्यात दुसरा एकच माणूस होता, आणि तो पाठ करून उभा होता. रुमालाने आपल्या काठीची माती पुसत.

तो त्याचा साडू. वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांमध्ये नऊ वर्षांचा अबोला. भांडण चार बोटांचं होतं. नऊ वर्षांपूर्वी याच हौशी स्पर्धेत दंतवैद्याचा चेंडू खळग्यात अडकला. त्याने तो बुटाच्या टोकाने चार बोटं बाहेर सरकवला. या खेळात जोडीदाराचे फटके जोडीदाराने लिहायचे असतात. निरीक्षकाने दंडाचे दोन फटके लिहिले. दंतवैद्य एका फटक्याने हरला.

"अहो, आपल्या माणसाचं असं करतात?" त्याने विचारलं होतं.

"तराजूला साडू नसतो," निरीक्षक म्हणाला होता. ते शेवटचं. बहिणी मात्र रोज तासभर फोनवर असत. उलट आता त्यांना विषयाची ददात नव्हती.

गावाभोवती तीन मैदानं. टेकडीवरचं छाती फोडणारं, तळ्याकाठचं चेंडू गिळणारं आणि जुन्या धावपट्टीवरचं, जिथे वारा तुमच्यापेक्षा चांगला खेळतो. दंतवैद्य दर शनिवारी सकाळी फोनवर उद्याची जागा राखून ठेवायचा. मैदान निवडायची कसोटी एकच: साडू जिथे नसेल ते. आणि रविवारी तिसऱ्या होलपाशी मागे वळून पाहावं, तर एक गट सोडून मागे ती निळी टोपी हजर. त्याने टेकडी लागोपाठ दोनदा घेतली. तळं महिनाभर टाकलं. घरातच फितुरी असेल म्हणून बायकोला सांगणंही सोडलं. टोपी चुकली नाही ती नाहीच.

"माझी चोरी पकडायला येतो तो," तो बायकोला म्हणाला.

"मग करू नका," बायको म्हणाली.

आज त्याच स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि व्हायचं तेच झालं. सकाळपासून दंतवैद्याने काठी उचलली की निरीक्षक पाठ फिरवायचा. फटके आवाजावरून मोजायचा आणि कार्डावर बिनचूक लिहायचा. सोळा हजार तराजू तपासलेला माणूस. त्याला तेही जमत असावं. पण होल-इन-वन कानाने दिसत नाही.

क्लबात एक लाकडी फळी होती. एका फटक्यात होल साधणाऱ्यांची नावं तिच्यावर रंगवत. चाळीस वर्षांत सात नावं. सातवा दंतवैद्याचाच पेशंट. तो खुर्चीत बसून, दाढेत यंत्र फिरत असतानाही त्या फटक्याची गोष्ट सांगायचा. आठवी जागा रिकामी होती आणि दंतवैद्य तेवीस वर्षं तिच्याकडे बघत होता. फळीचा नियम साधा होता: प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार हवा.

उरलेले अकरा होल दंतवैद्य दोनच शब्द घोकत चालला. "पाहिलंत ना?" आयुष्यभर त्याने लोकांना तोंड उघडायला लावलं होतं, स्वतःचं काही उघडेना. साडू नाही म्हणाला तर नामुष्की. हो म्हणाला तर उपकार. यातलं कडू कोणतं, ते अठराव्या होलपर्यंत ठरलं नाही.

स्पर्धेच्या चिटणीसबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं. सातव्या होलपुढे एकचा आकडा होता. त्यांनी चष्म्यावरून निरीक्षकाकडे पाहिलं.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

ज्याने चार बोटं सोडली नाहीत, तो हे काय सोडणार. साडूच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"यांची पाठ होती, बाई," दंतवैद्य म्हणाला. "नाही पाहिलं त्यांनी. फळीवर काही लिहू नका."

निरीक्षकाने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"फटका मारताना पाठ असते," तो म्हणाला. "चेंडू सुटला की मी वळतो, थांबला की पुन्हा पाठ करतो. यांचं लक्ष चेंडूकडे असतं, कळत नाही यांना. दोन टप्पे, मग डावीकडे, मग आत. लिहा, बाई."

बाईंनी पेन पुढे केलं. त्याने सही केली, टोपण लावलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा दंतवैद्याकडे तोंड केलं.

"उजवा खांदा अजून लवकर पडतो तुमचा. आणि साडूभाऊ, रविवारी कुठलं मैदान ते आधी सांगत जा हो. दर शनिवारी तिन्ही ठिकाणी फोन करून तुम्ही कुठे आहात ते विचारायचं, या वयात बरं दिसत नाही."